दोन पुरुष पाणी

नदीला पाणी किती, याचं उत्तर आपल्याकडे माणसाच्या अंगावरच होतं. घोटाभर, गुडघाभर, कंबरभर, छातीभर. त्यापुढे पाय टेकत नाहीत, तेव्हा माप 'पुरुष' होतं. हात वर करून उभा राहिलेला माणूस म्हणजे एक पुरुष. विहिरीला तीन पुरुष पाणी, डोहाला दोन. माप सोयीचंच होतं. फक्त कोणता पुरुष, हे कुणी विचारत नसे आणि पुरात मोजायला कुणी उतरत नसे.

वर्धा नदीकडे आधी पाहिलं गेलं ते सीमा म्हणून. कालिदासाच्या 'मालविकाग्निमित्रा'त विदर्भाचे दोन वाटे होतात, ते वरदेच्या दोन काठांवर. वरदा म्हणजे आपली वर्धा. मुलताईच्या डोंगरातून उतरते आणि आजही एका काठावर वर्धा जिल्हा, समोर अमरावती-यवतमाळ, असा वाटा तिने सांभाळला आहे. सीमेला रेघ पुरते, तिची खोली कुणाला लागत नाही.

खोली लागली रेल्वेला. 1862 मध्ये नागपूरपासून वर्धा जिल्हा वेगळा झाला, 1866 मध्ये पालकवाडीजवळ ठाण्याचं गाव आखलं आणि त्याला नदीचंच नाव मिळालं. 1867 मध्ये गाडी नागपूरला पोचली. वाटेत वर्धेवर पूल झाला आणि पुलाशेजारी वसलेल्या गावाचं नाव पडलं पुलगाव. पूल बांधणाऱ्याला नदीचा रोजचा स्वभाव नको असतो, तिचा सगळ्यात वाईट दिवस हवा असतो. गर्डर त्या दिवसाच्या पाण्याच्या वर राहिला पाहिजे. म्हणून म्हाताऱ्यांना विचारा, देवळाच्या भिंतीवरची गाळाची रेघ शोधा. पुढे खांबांवरच आकडे रंगवले की पूल स्वतःच मोजपट्टी होतो.

ती पट्टी आजही तशीच साधी आहे. पांढऱ्या पत्र्यावर काळे-लाल सेंटिमीटर. काठ उतरता असल्यामुळे एकच उंच खांब चालत नाही. पायऱ्यांसारखे एकाखाली एक रोवतात, वरचा कोरडा पडला की खालचा वाचायचा. लाटेने पाणी हलत असेल तर वरचा आकडा, खालचा आकडा, मधला घ्यायचा. गंमत म्हणजे या पट्टीचं शून्य नदीच्या तळाशी जोडलेलं नसतं. त्याची उंची समुद्रसपाटीपासून ठरवलेली असते. वर्धेच्या काठी उभं राहून माणूस समुद्राच्या हिशेबाने नदी वाचतो. त्याशिवाय वरच्या गावचं पाणी आणि खालच्या गावचं पाणी एका ओळीत मांडता येत नाही.

पण पट्टी फक्त उंची सांगते. किती पाणी वाहून गेलं, ते सांगत नाही. त्यासाठी होडी काढावी लागते. पात्राचे उभे काप कल्पून प्रत्येक कापात खोली घ्यायची, मग छोट्या वाट्यांचं चक्र पाण्यात सोडायचं. फेरे मोजले की वेग निघतो. पृष्ठभागापासून खोलीच्या सहा दशांशावर मिळणारा वेग हा त्या कापाचा सरासरी वेग धरतात. कापाचं क्षेत्रफळ गुणिले वेग, आणि सगळ्या कापांची बेरीज म्हणजे विसर्ग. वाट्यांचं हे चक्र अमेरिकेतल्या विल्यम प्राइसने 1880 च्या दशकात घडवलं. पूर इतका असेल की होडी घालणं म्हणजे वेडेपणा, तर तरंगता ओंडका दोन खुणांमध्ये किती सेकंदांत जातो ते पाहतात आणि त्या वेगातून थोडं कापतात, कारण वरचं पाणी सरासरीपेक्षा जोरात धावतं.

'विसर्ग' हा शब्द मला आवडतो. शाळेत तो 'अः'च्या दोन टिंबांचा, गणपतीच्या विसर्जनाचा तो सख्खा भाऊ. सोडून देणे हा मूळ अर्थ, म्हणून बातम्यांत धरणाला तो शोभतो. नदीने मात्र काही सोडलेलं नसतं, ती नुसती वाहते. तरी कागदावर तिचाही विसर्गच. तो सेकंदाला घनमीटरमध्ये किंवा क्युसेकमध्ये. क्युसेक म्हणजे सेकंदाला सुमारे 28 लिटर.

पुलानंतर मोजणी हवी झाली ती वाटणीसाठी. वर्धा वैनगंगेला मिळून प्राणहिता होते आणि गोदावरीला जाते. गोदावरीच्या पाण्याचं राज्यांमधलं भांडण सोडवायला 1969 मध्ये लवाद बसला, निवाडा 1980 मध्ये आला. तिथे देवळाच्या भिंतीवरची रेघ चालत नाही, तारीखवार नोंदी लागतात. वर्धेवर हिवरा, तिला मिळणाऱ्या वणेवर नांदगाव, खाली घुग्घुस आणि बल्लारशा ही केंद्रीय जल आयोगाची ठाणी त्या नोंदींची. राज्याचं जलसंपदा खातं आपल्या ठाण्यांना 'सरिता मापन केंद्र' म्हणतं. सरकारी शब्दांत एवढा देखणा शब्द क्वचितच सापडेल.

काठावर राहणाऱ्यांचा नंबर सगळ्यात शेवटी लागला, असं माझं स्पष्ट मत आहे. 30 जुलै 1991 रोजी वर्धेकाठचंच नागपूर जिल्ह्यातलं मोवाड पुराने धुऊन नेलं, दोनशेच्या वर माणसं गेली. आज पावसाळ्यात पट्टी तासातासाला वाचतात आणि इशारा पातळी, धोका पातळी हे शब्द गावातही बोलले जातात. काही पुलांखाली आता रडार टांगलेलं असतं. पाण्याला न शिवता ते उंची घेतं आणि उपग्रहावर पाठवतं.

खालचा तळ मात्र दर पुरात सरकतो. कुठे गाळ भरतो, कुठे खरवड होते, आणि त्याच उंचीला गेल्या वर्षीइतकं पाणी राहत नाही. म्हणून रडार असलं तरी ठाण्यावर होडी ठेवलेली असते.