मेडोज टेलर आणि हिंगोलीची छावणी

चाकरी जाणे ही गोष्ट आमच्या मध्यमवर्गीय घरांत मृत्यूच्या खालोखाल अशुभ मानली जाते. ज्याची चाकरी गेली त्याच्यापाशी घरातील माणसे हलक्या आवाजात बोलू लागतात. शेजारी चौकशी करतात, पण उत्तर ऐकण्यास थांबत नाहीत. याउलट अलीकडे दुसरा एक संप्रदाय निघाला आहे. त्याच्या मते चाकरी गेली म्हणजे भाग्यच उघडले. मनुष्याने मनातील राहून गेलेले बेत आता तडीस न्यावेत, इतकेच काय ते बाकी! पहिल्या पक्षाचे म्हणणे निर्दय आहे आणि दुसऱ्याचे उथळ आहे असे आम्हांस वाटते. खरे काय ते पाहावयाचे तर उपदेश बाजूस ठेवून इतिहासातील एखादे उदाहरण नीट तपासणे बरे. असे एक उदाहरण मराठवाड्यातील हिंगोलीच्या छावणीशी जोडलेले आहे. ते उदाहरण एका परक्या माणसाचे आहे, म्हणून त्याकडे पाहताना आपला कल कोणत्याच बाजूस जाण्याचे फारसे कारण नाही.

हिंगोली हे आज जिल्ह्याचे ठाणे आहे. परभणीतून वेगळा काढलेला हा जिल्हा 1 मे 1999 रोजी अस्तित्वात आला. नामदेवांची नरसी आणि औंढ्याचे नागनाथाचे देवालय याच मुलखात असल्यामुळे महाराष्ट्रास तो मुख्यत्वे यात्रेकरूंच्या वाटेवरील प्रांत म्हणून ठाऊक आहे. परंतु एकोणिसाव्या शतकात हिंगोली हे नाव पलटणींच्या संबंधाने घेतले जाई. निजामाच्या खर्चाने उभारलेली आणि इंग्रज अंमलदारांच्या हुकमतीखाली चालणारी जी फौज पुढे हैदराबाद कंटिंजंट म्हणून प्रसिद्धीस आली, तिच्या ठाण्यांपैकी हे एक. याच फौजेने 1819 च्या जानेवारीत या बाजूच्या नव्हा गढीस वेढा घालून नोवसाजी नाईक या हटकर सरदाराचा प्रतिकार मोडून काढला. पेशवाई नुकतीच बुडाली होती, पेंढारी पांगले होते आणि तलवारीवर पोट भरणारे हजारो लोक देशोधडीस लागले होते. एका बाजूस नवी चाकरी निर्माण होत होती, ती दुसऱ्या बाजूस कित्येकांची जुनी चाकरी नष्ट करूनच. ही गोष्ट वाचकांनी ध्यानात ठेवावी. पुढे तिचे काम पडणार आहे.

फिलिप मेडोज टेलर याचा जन्म 1808 साली लिव्हरपूल येथे झाला. मुंबईतील एका व्यापाऱ्याच्या पेढीत कारकून म्हणून राहावे आणि वयात आल्यावर भागीदार व्हावे, या आश्वासनावर त्यास 1824 साली हिंदुस्थानात पाठविण्यात आले. तेव्हा तो पंधरा-सोळा वर्षांचा होता. मुंबईस उतरून पाहतो तो पेढी बुडण्याच्या पंथास लागलेली! ज्या भागीदारीसाठी आईबापांपासून सहा हजार कोसांवर यावे, ती भागीदारी म्हणजे नुसता पोकळ शब्द निघाला. मुंबई सरकारात वजन असलेल्या एका आप्ताने खटपट करून त्यास निजामाच्या फौजेत जागा मिळवून दिली. येणेप्रमाणे तराजू धरण्यास आलेल्या मुलाच्या हाती त्याच वर्षी तलवार आली. हा पहिला धक्का.

फौजेतून काही काळाने त्यास मुलकी कामावर घेतले. निजामाच्या नैर्ऋत्येकडील जिल्ह्यांत पोलिसांची व्यवस्था पाहण्याचे ते काम होते. वय विशीच्या आतबाहेर, हाताखाली मोठा मुलूख आणि वरिष्ठ दूर, अशा स्थितीत पुष्कळ तरुण शिकारीत व मेजवान्यांत रमतात. टेलरने मात्र भाषा शिकण्यावर भर दिला. हिंदुस्थानी तर तो उत्तम बोलू लागलाच, पण मराठीशीही त्याने परिचय करून घेतला; मोजणी शिकला, कायद्याचे वाचन केले, आणि पाटील, कुळकर्णी, सावकार, फकीर यांच्याशी दुभाष्यावाचून बोलण्याची सवय लावून घेतली. याचा पुढे काय उपयोग होईल हे त्या वेळी त्यासही ठाऊक नसावे.

इतक्यात 1829 साली निजाम सिकंदरजाह मरण पावला. गादीवर आलेल्या नासिरुद्दौला याने कंपनी सरकाराकडे पहिली मागणी केली ती ही की, आपल्या मुलखातील मुलकी कारभारावर बसविलेले इंग्रज अंमलदार काढून घ्यावेत. गव्हर्नर जनरल बेंटिंक याने ती मान्य केली. निजामाच्या दृष्टीने ही मागणी सर्वथा रास्त होती. आपल्या घरात परक्याचा कारभार कोणास रुचतो? परंतु त्या एका हुकुमाने टेलरची जागा नाहीशी झाली, आणि त्यास पुन्हा पलटणीत रुजू व्हावे लागले. मनाजोगते काम गेले आणि कवाईत तेवढी उरली. शिवाय तो निजामाचा स्थानिक नोकर होता. कंपनीच्या सनदी नोकरांस मिळणारी बढती त्याच्या वाट्यास येणे दुरापास्त होते. खून करणाऱ्या टोळ्यांच्या वाटांचा सुगावा आपणांस लागत असतानाच आपले मुलकी काम सुटले, नाही तर ठगीचा उलगडा आपल्याच हातून आधी झाला असता, ही खंत त्याच्या मनातून शेवटपर्यंत गेली नाही.

हिंगोलीचा संबंध येतो तो येथे. 1832 च्या सुमारास ठगांचे कबुलीजबाब दक्षिणेत बाहेर पडू लागले, तेव्हा असे दिसून आले की, छावणीच्या बाजारातील हरिसिंग नावाचा एक प्रतिष्ठित कापडव्यापारी हाच त्या प्रांतातील ठगांचा नायक! खुद्द टेलरने इतर अंमलदारांप्रमाणे त्याच्याशी देवघेव केली होती. एका प्रसंगी या हरिसिंगाने मुंबईहून कापड आणावयाचे आहे असे सांगून मुलकी अधिकारी कॅप्टन रेनॉल्ड्स याजकडून परवाना घेतला. त्याच वाटेने माल घेऊन येणाऱ्या दुसऱ्या एका व्यापाऱ्यास त्याच्या गडी-माणसांसह ठार केले. आणि त्याच परवान्यावर तो माल छावणीत आणून उघड उघड विकला. बाजारात पहारेकऱ्यांच्या ठाण्यापासून शंभर यार्डांच्या आत माणसे मारली जात होती आणि चौक्यांच्या रांगेपासून जेमतेम पाचशे यार्डांवर पुरली जात होती. माफीचे साक्षीदार जागा दाखवीत गेले आणि खड्डे उकरले गेले. त्यांपैकी काही खड्डे उघडले जात असता टेलर स्वतः तेथे हजर होता. आपण ज्या दुकानातून कापड घेतले, त्या कापडाची किंमत कोणी कशी दिली होती, हे त्यास त्या उघड्या खड्ड्यांच्या काठी कळले.

अधिकार हाती असता तर टेलरने या प्रकरणी अहवाल लिहिला असता. तो दप्तरात बांधला गेला असता आणि वाळवीने खाल्ला असता. पण तपासाची सूत्रे स्लीमन, रेनॉल्ड्स आदी इतरांच्या हाती होती. टेलरपाशी होती ती ऐकलेल्या कबुलीजबाबांची आठवण, वाटाड्यांच्या तोंडची भाषा आणि पलटणीच्या आयुष्यातील मोकळा वेळ. त्यातून त्याने अमीर अली नावाच्या ठगाच्या तोंडी घातलेली कादंबरी रचिली. रजेवर तो विलायतेस गेला असता 1839 साली ‘कन्फेशन्स ऑफ ए ठग’ हा ग्रंथ तीन भागांत प्रसिद्ध झाला आणि एकदम गाजला. नुकत्याच गादीवर आलेल्या व्हिक्टोरिया राणीने तर छापखान्यातून फर्मे निघतील तसतसे ते आपणाकडे पाठविण्यास सांगितले होते. लगेच 1840 साली त्याची टिपू सुलतानावरील कादंबरी आली. पुढे 1841 पासून 1853 पर्यंत तो सुरपूरच्या अज्ञान राजाच्या संस्थानचा कारभार पाहत होता. लंडनच्या ‘टाइम्स’ पत्राचा बातमीदार म्हणूनही त्याने बरीच वर्षे लिहिले. 1853 च्या तहाने निजामाकडून नळदुर्गाचा मुलूख कंपनीकडे आला तेव्हा त्याची नेमणूक तेथे झाली. तुळजापूरच्या परिसरातील हा सहवास त्याच्या 1863 सालच्या ‘तारा’ या शिवकालीन कादंबरीत उतरला आहे. प्रकृती खालावल्यामुळे 1860 साली तो मायदेशी परतला. 1870 साली त्याने विद्यार्थ्यांसाठी हिंदुस्थानचा इतिहास प्रसिद्ध केला आणि 1876 साली तो वारला. त्याचे आत्मचरित्र त्याच्या मुलीने पुढील वर्षी छापले.

येथवरची हकीकत वाचून कोणी म्हणेल, ‘पाहा, जागा गेली म्हणून ग्रंथ झाला!’ आमचे म्हणणे असे की, हे अनुमान घाईचे आहे. जागा गेल्याने ग्रंथ होत नाही. तसे असते तर दर मंदीच्या वर्षी वाङ्मयास भरती आली असती. टेलरच्या बाबतीत तीन गोष्टी जुळून आल्या. एक, मुलकी काम गेले तरी पलटणीचा पगार चालू होता. चूल विझली नव्हती. दोन, भाषा आणि लोकस्थिती यांची तयारी चाकरी असतानाच झालेली होती; संकट आल्यावर त्याने विहीर खणण्यास घेतली नाही. तीन, लिहिण्याजोगा विषय त्यास दूर शोधावा लागला नाही. तो छावणीच्या बाजारातच उभा होता. यांपैकी एकही गोष्ट नसती तर तो एक हिरमुसलेला अंमलदार म्हणून हिंगोलीत किंवा बोलारमला म्हातारा झाला असता.

आमच्यातील उदाहरणे पाहिली तरी हेच दिसते. विष्णुशास्त्री चिपळूणकरांनी 1879 साली सरकारी शाळेची चाकरी सोडली आणि 1880 च्या जानेवारीत पुण्यास न्यू इंग्लिश स्कूल उघडले. परंतु ‘निबंधमाला’ 1874 पासूनच चालू होती. म्हणजे चाकरी सोडण्याच्या आधी पाच वर्षे त्यांच्या खऱ्या कामाचा पाया घातला गेला होता. दामोदर धर्मानंद कोसंबी यांची मुंबईच्या टाटा संशोधन संस्थेतील सोळा वर्षांची नेमणूक 1962 साली संपली, तिची मुदत वाढविण्यात आली नाही. गणित हा त्यांचा व्यवसाय. परंतु लेणी, नाणी, गावदेवता आणि पुण्याच्या आसपासच्या टेकड्यांवरील पाषाणयुगीन अवशेष यांच्या मागे ते कित्येक वर्षे पायी हिंडत होते. 1965 साली त्यांचा प्राचीन भारताच्या संस्कृतीवरील ग्रंथ बाहेर पडला आणि पुढल्याच वर्षी ते निवर्तले. चाकरी संपल्याने त्यांस विषय मिळाला असे नव्हे, विषय होताच.

आता सुरुवातीस ज्या गोष्टीचा उल्लेख केला तिकडे वळू. ज्या काळात टेलरची जागा गेली त्याच काळात हजारो शिलेदार, बारगीर, अरब शिपाई आणि गढीकरी यांचीही चाकरी गेली. त्यांना दुसरा पगार नव्हता. काही नांगराकडे वळले, काही भीक मागू लागले आणि काही वाटमारीस लागले. ठगीसंबंधी इंग्रजांनी जे लिहिले ते सर्वच जसेच्या तसे स्वीकारण्यास आजचे इतिहासकार तयार नाहीत. माफीच्या आशेने दिलेल्या जबान्या, आणि नव्या राज्यास आपला अंमल न्याय्य ठरविण्याची गरज, या दोहोंच्या मिश्रणातून त्या टोळ्यांस एका वंशपरंपरागत धर्मपंथाचे रूप आले, असे कित्येकांचे मत आहे. आणि बेकार झालेल्या शिपायांचाही या गुन्हेगारीत वाटा होता असे ते दाखवितात. हे मत मान्य केले तर चित्र मोठे विलक्षण दिसते. एकाच उलथापालथीने एकाच्या हाती लेखणी दिली आणि दुसऱ्याच्या हाती फास दिला. आणि ज्याच्या हाती लेखणी आली त्याचा ग्रंथ उभा राहिला तो दुसऱ्याच्या जबानीवर. हिंगोलीच्या मातीत ज्यांची हाडे सापडली त्या वाटसरूंची नावे तर त्या ग्रंथातही नाहीत.

याचा अर्थ टेलरचा दोष असा नव्हे. आपल्या वर्गातील पुष्कळांहून त्याने या देशातील माणसांकडे अधिक आपुलकीने पाहिले. आमचे सांगणे इतकेच की, फुरसत ही सर्वांस सारख्या भावाने मिळत नाही. एकास ती पगारासह मिळते, दुसऱ्यास उपासासह.

पुढे छावणीवरही तोच प्रसंग आला. 1903 साली हैदराबाद कंटिंजंट हिंदुस्थानच्या फौजेत विलीन झाली आणि हिंगोलीच्या पलटणी उठल्या. ज्या बाजारात हरिसिंगाचे दुकान होते त्याचे गिऱ्हाईकच गेले. परंतु आसपासच्या काळ्या जमिनीत कापूस पिकत होता आणि त्याची पेठ हिंगोलीस आधीपासून भरत होती. गाव त्या पेठेवर जगले. गावासही अखेर तोच नियम लागू पडला: चाकरी गेल्यावर जे तारते ते चाकरी असतानाच पेरलेले असते.

म्हणून ज्यांच्या घरी असा प्रसंग आला असेल त्यांस आम्ही हे भाग्य आहे असे म्हणणार नाही. तसे म्हणण्याचा अधिकार ज्याचे त्यासच आहे, आणि तोही वर्षा-दोन वर्षांनी मागे वळून पाहताना. पण घरातील इतरांस एक गोष्ट करता येण्याजोगी आहे. टेलरला निजामाच्या खजिन्याने जे दिले, ते आपल्या माणसास घराने काही काळ द्यावे: दोन वेळचे अन्न आणि न विचारलेले प्रश्न. एवढ्याने प्रत्येकाच्या हातून ग्रंथ होईल असे नाही. परंतु ज्याच्यात काही पेरलेले आहे, ते उगवण्यास तेवढा पाऊस बहुधा पुरतो.