आर्स येथील जुनें देऊळ

ज्युबिली जवळ आली कीं देवळाची डागडुजी होते, रंगरंगोटी होते व क्वचित् पाडापाडीही होते. याच कारणास्तव फ्रान्स देशांतील एका लहानशा खेड्यानें आपल्या जुन्या इमारतींचें काय केलें, तें वाचकांपुढें मांडावें असें आम्हांस वाटलें.

तें खेडें आर्स. लिओं शहराच्या उत्तरेस सुमारें ३५ किलोमीटरांवर, दोंब नांवाच्या तळ्यांच्या मुलुखाच्या कडेस तें वसलें आहे. या मुलुखांत दगड दुर्मिळ, चिकणमाती विपुल. त्यामुळें जुनीं घरें विटांचीं, नाहीं तर फळ्यांच्या सांच्यांत ओलसर माती ठोकून उभारलेल्या भिंतींचीं. तळ्यांची रीत तर मोठी नामी : कांहीं काळ मासे वाढवावयाचे, मग पाणी सोडून देऊन त्याच गाळांत धान्य पेरावयाचें. मध्ययुगापासून हा क्रम चालत आला आहे.

१८१८ सालीं संत योहान मारिया वियान्नी येथें धर्मगुरू म्हणून आले, तेव्हां वस्ती सुमारें २३० होती. देऊळ बाराव्या शतकांतलें. राज्यक्रांतीच्या धामधुमींत त्याचा मनोरा गेला होता. त्यांनीं विटांचा नवा मनोरा बांधला व बाजूस एकेक लहान चॅपेल जोडलें. पैकीं संत योहान बाप्तिस्ताच्या चॅपेलांत बसून ते तासन् तास लोकांचें पापनिवेदन ऐकत. १८२४ सालीं गरीब मुलींसाठीं त्यांनीं मोफत शाळा उघडली. देवळासाठीं लिओंहून उंची वस्त्रें आणविणारा हा पुरुष स्वतः मात्र उकडलेल्या बटाट्यांवर राही!

४ ऑगस्ट १८५९ रोजीं ते निवर्तले. यात्रेकरूंस देऊळ केव्हांच अपुरें पडूं लागलें होतें, आणि नवें मंदिर व्हावें ही खुद्द त्यांचीही इच्छा होती. जुनें पाडावयास याहून सबळ कारण तें कोणतें? परंतु १८६२ सालीं काम निघालें, तेव्हां पिएर बोसां या शिल्पज्ञानें फक्त वेदीकडील भाग काढला, आणि जुना मंडप, मनोरा व चॅपेलें तशींच ठेवून मागें नवें मंदिर जोडलें. विसाव्या शतकांत आणखी जागा लागली, तेव्हां ती जमिनीखालीं करण्यांत आली.

बोसांचें काम देखणें आहे खरें. पण आमच्या मतें आर्सचें खरें धन शेजारच्या पाद्रीबाबांच्या घरांत आहे. त्यांचें साधें स्वयंपाकघर, निजावयाची खोली व तींतील पलंग हीं आजही पाहावयास मिळतात.