इंजिनाला ऑक्टेन किती हवे?

अहिल्यानगर (पूर्वीचा अहमदनगर) जिल्ह्यातील साखर कारखान्यांत मळीपासून बनणाऱ्या इथेनॉलचा ऑक्टेन क्रमांक शंभरावर असतो. म्हणूनच वीस टक्के इथेनॉलमिश्रित पेट्रोलसाठी किमान ९५ ऑक्टेनचे मानक आहे. पूर्वी साध्या पेट्रोलसाठी ते ९१ होते.

ऑक्टेन क्रमांक म्हणजे इंधनाची शक्ती नव्हे. केवळ दाब व उष्णतेमुळे आपोआप पेट न घेण्याची इंधनाची क्षमता त्यातून कळते. उच्च कॉम्प्रेशनच्या किंवा टर्बो इंजिनात कमी ऑक्टेनचे पेट्रोल अवेळी पेटते. त्या ‘नॉकिंग’मुळे पिस्टनला इजा पोहोचते. आधुनिक गाड्यांतील सेन्सर ठिणगी उशिरा पाडून इंजिन वाचवतो; मात्र ताकद घटते.

उलट ९१ ऑक्टेनसाठी बनलेल्या साध्या इंजिनात १०० ऑक्टेनचे महागडे पेट्रोल भरून सहसा काहीच साधत नाही. इथेनॉलची ऊर्जा पेट्रोलपेक्षा सुमारे एकतृतीयांशाने कमी असल्याने मिश्रणावर मायलेजही थोडे घटते. जुन्या गाड्यांतील रबरी भागांना इथेनॉल बाधू शकते.

त्यामुळे गाडीच्या पुस्तिकेतील किमान ऑक्टेन आणि इथेनॉलची कमाल मर्यादा, या दोन्ही बाबी पाहूनच पेट्रोल निवडणे श्रेयस्कर ठरते.