नोंदवही आणि तिचा राखणदार : संगणकातील उपकरण-रजिस्टरांच्या अधिकाराचा इतिहास

१९४८ पर्यंत हैदराबाद संस्थानात असलेल्या धाराशिव जिल्ह्यात जमिनीच्या जुन्या हक्कांचा प्रश्न निघाला, की महसूल कचेरीत खासरा पाहणी पत्रक शोधले जाते. पुढे सातबारा आला, आणि आता तो संगणकात गेला. परंतु मूळ नियम कायम राहिला. नक्कल कोणासही मिळते. फेरफार मात्र तलाठ्याने नोंदवावा आणि मंडळ अधिकाऱ्याने प्रमाणित करावा. ज्या संगणकात हा उतारा ठेवला जातो, त्याच्या पोटातही रजिस्टरे असतात. त्यांत कोणी लिहावे, हा प्रश्न सुटण्यास मात्र कित्येक दशके लागली.

तबकडी-नियंत्रक, जाळे-कार्ड इत्यादी प्रत्येक उपकरणात काही लहान स्मृतिकोश असतात. उपकरणाने कोणत्या पत्त्यावर उत्तर द्यावे, प्रोसेसरला हाक कोणत्या मार्गाने द्यावी, चालू असावे की बंद, हे त्यांतील आकड्यांवरून ठरते. महसुली वहीतील चूक मागाहून दुरुस्त करता येते. येथे लिहिणे हीच कृती होय. काही रजिस्टरांत तर केवळ वाचल्यानेही आतील स्थिती पालटते.

प्रारंभी हा प्रश्न उद्भवलाच नाही. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत रं. नरसिंहन यांच्या नेतृत्वाखाली घडलेला टिफ्रॅक हा संगणक १९६० साली कार्यान्वित झाला. त्याची शब्दलांबी ४० बिटांची व स्मृती २,०४८ शब्दांची होती. एका वेळी एकच आज्ञावली चालत असल्याने तीच सर्व यंत्राची धनी असे. त्याच संस्थेत १९६४ साली आलेल्या सीडीसी ३६०० या यंत्रावर अनेकांची कामे ओळीने घेणारी पर्यवेक्षक आज्ञावली होती, आणि कामकरी आज्ञावली व राखणदार आज्ञावली हा भेद तेथे दिसू लागला. तथापि १९८१ च्या आयबीएम पीसीमधील ८०८८ प्रोसेसरात हा भेद नव्हता. कोणतीही आज्ञावली कोणत्याही उपकरणाला थेट आज्ञा देऊ शके. ८०२८६ (१९८२) व ८०३८६ (१९८५) या प्रोसेसरांत अधिकाराच्या पायऱ्या आल्या, आणि उपकरणांची दारे सामान्य आज्ञावलींना बंद ठेवणे संचालन प्रणालीस, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमला, शक्य झाले.

परंतु दार बंद करणे पुरेसे नव्हते. इंटेलने १९९२ साली पुढे आणलेल्या पीसीआय मार्गिकेत प्रत्येक उपकरण-कार्यास २५६ बाइटांची रजिस्टरे मिळाली व पहिल्या ६४ बाइटांची रचना ठराविक करण्यात आली. रूढ झालेल्या पद्धतीत तेथे पोहोचण्यास दोन पावले लागत. षोडशमान पद्धतीतील सीएफ८ या दारावर पत्ता लिहावयाचा आणि नंतर सीएफसी या दारातून आकडा वाचावयाचा किंवा लिहावयाचा. या दोन पावलांच्या मध्ये दुसऱ्या प्रोसेसरने पत्ता बदलला, तर आकडा भलत्याच उपकरणात पडे. एकाने वहीचे पान उघडावे, दुसऱ्याने ते उलटावे आणि पहिल्याने न पाहता नोंद करावी, तसा हा प्रकार. म्हणून लिनक्ससारख्या प्रणालीत दोन्ही पावले एकाच कुलपाखाली, मधले व्यत्यय थोपवून, पार पाडली जातात. पुढे पीसीआय एक्सप्रेसमध्ये ही जागा ४,०९६ बाइटांची झाली व ती स्मृतीच्या पत्त्यांतच मांडता येऊ लागली. दोन पावलांची अडचण त्यामुळे मिटली.

तथापि स्मृतीत मांडलेल्या उपकरणाला निराळा धोका असतो, हे २००८ साली प्रत्ययास आले. लिनक्सच्या २.६.२७ या आवृत्तीची चाचणी चालू असता इंटेलच्या काही जाळे-कार्डांतील कायम स्मृती पुसली जाऊन ती निकामी होऊ लागली. यंत्र पुन्हा सुरू करूनही उपयोग होईना. संशय साहजिकच त्या कार्डाच्या चालक-आज्ञावलीवर, म्हणजे ड्रायव्हरवर, गेला. दोष निघाला भलतीकडेच : आज्ञावलींचा माग ठेवणाऱ्या एफट्रेस या सोयीने काही पत्ते टिपून ठेवले होते. तेथील आज्ञावली काढून टाकल्यावर तीच पत्त्यांची जागा कार्डासाठी वापरली गेली, आणि एफट्रेस जुन्या समजुतीने तेथे लिहीत राहिले. राखणदाराच्या घरातीलच माणसाने जुन्या पत्त्यावर नवा शेरा मारावा, असे हे घडले. शोध चालू असतानाच चालक-आज्ञावलीने त्या कायम स्मृतीवर लेखनबंदी घातली होती. कारण उमगल्यावर एफट्रेसचा तो भागही बंद करण्यात आला.

आज लिनक्समध्ये सामान्य वापरकर्त्यास पीसीआय रजिस्टरांचे पहिले ६४ बाइटच वाचता येतात. काही उपकरणे अनिर्दिष्ट भाग वाचताच कोलमडतात, म्हणून उरलेला भाग प्रशासकापुरता राखलेला आहे. २०१९ च्या ५.४ आवृत्तीपासून तर ‘लॉकडाउन’ लागू असता प्रशासकासही आपल्या आज्ञावलीतून तेथे थेट लिहिता येत नाही. फेरफाराच्या नोंदीस दुसऱ्या अधिकाऱ्याचे प्रमाणन लागते, त्यामागे लिहिणारा अप्रामाणिक असेल एवढीच शंका नसते; प्रामाणिक हातही चुकीच्या पानावर पडू शकतो. संगणकाच्या राखणदाराने स्वतःवर बंधने घालून घेतली, ती याच अनुभवातून.