चाकांवरच्या घराची पारख

हौशी प्रवासासाठीच्या कॅरॅव्हॅनचा, म्हणजे चाकांवरील राहत्या घराचा, इतिहास 1885 सालापासून ठळक होतो. त्या वर्षी ब्रिटिश आरमारातील निवृत्त डॉक्टर व लेखक विल्यम गॉर्डन स्टेबल्स यांनी ब्रिस्टलच्या कारखान्यातून ‘वाँडरर’ ही सुमारे 18 फूट लांबीची गाडी बांधून घेतली आणि दोन घोडे जुंपून ते ट्वायफर्डहून स्कॉटलंडातील इन्व्हर्नेसपर्यंत गेले. घोड्यांना चढावर ओढवेल एवढेच वजन, हा त्या काळी निवडीचा निकष होता, आणि मोटारीने घोड्यांची जागा घेतल्यावरही तो बदलला नाही, हे विशेष महत्त्वाचे आहे. 1919 पासून बर्मिंगहॅमच्या एकल्स कंपनीने मोटारीमागे जोडायच्या कॅरॅव्हॅन बनवल्या. पुढे लाकडी सांगाड्यावर अॅल्युमिनियमचे पत्रे बसवण्याची पद्धत रूढ झाली, तेव्हा सांध्यांतून झिरपणारे पाणी आतले लाकूड कुजवू लागले आणि तपासणीचा रोख ओलीकडे वळला: खिडकीचे कोपरे अंगठ्याने दाबले असता भिंत मऊ लागली, तर आतला सांगाडा गेलेला असतो. कच्च्या रस्त्यांवर हादऱ्यांनी हेच सांधे लवकर सैल होतात. म्हणून जुनी कॅरॅव्हॅन घेणाऱ्याने अंतर्गत सजावटीआधी छताचे सांधे, आस आणि खालची चौकट तपासावी.