जॉन शिपेन यांची स्पर्धात्मक कारकीर्द : प्रवेश, नोंद आणि बहिष्कार यांचा एक अभ्यास

प्रस्तावना

क्रीडेचा इतिहास हा बहुधा विजेत्यांचा इतिहास म्हणून लिहिला जातो. चषक, विक्रम आणि अजिंक्यपदे यांच्या याद्यांतून खेळाची वाटचाल सांगितली जाते. परंतु एखाद्या खेळाचे सामाजिक स्वरूप समजून घ्यावयाचे असेल तर ज्यांना कधीही अजिंक्यपद मिळाले नाही अशा खेळाडूंच्या कारकिर्दीही तपासाव्या लागतात. अमेरिकेतील आरंभीच्या व्यावसायिक गोल्फपटूंपैकी एक असलेले जॉन मॅथ्यू शिपेन हे असेच एक नाव होय. ते अमेरिकेचे पहिले कृष्णवर्णीय व्यावसायिक गोल्फपटू मानले जातात. १८९६ ते १९१३ या काळात ते यू. एस. ओपन या राष्ट्रीय खुल्या स्पर्धेत पाच वेळा खेळले. १८९६ मध्ये त्यांना प्रवेश मिळाला, याचा अर्थ त्या काळी हा खेळ सर्वांना खुला होता असा घ्यावा काय, या प्रश्नाचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

पार्श्वभूमी

शिपेन यांचा जन्म डिसेंबर १८७९ मध्ये वॉशिंग्टन येथे झाला. त्यांचे वडील गुलामगिरीत जन्मलेले होते; मुक्तीनंतर शिक्षण घेऊन ते प्रेस्बिटेरियन पंथाचे धर्मोपदेशक झाले. १८८० च्या दशकाच्या अखेरीस न्यूयॉर्क राज्यातील लाँग आयलंड येथील शिनेकॉक या मूलनिवासी जमातीच्या राखीव वस्तीत त्यांची नेमणूक झाली आणि कुटुंब तेथे राहावयास गेले.

याच वस्तीच्या शेजारी १८९१ मध्ये शिनेकॉक हिल्स गोल्फ क्लबची स्थापना झाली. न्यूयॉर्कमधील धनिक वर्गाने उन्हाळी विश्रांतीसाठी उभारलेल्या या क्लबचे मैदान तयार करण्याच्या कामावर शिनेकॉक जमातीतील मजूर होते. वस्तीतील मुले सभासदांच्या काठ्या वाहणारे कॅडी म्हणून काम करू लागली. शिपेन त्यांपैकीच एक. स्कॉटलंडहून आलेले व्यावसायिक विली डन यांच्या हाताखाली ते खेळ शिकले. पुढे काठ्यांची दुरुस्ती आणि सभासदांना खेळाचे धडे देणे ही कामेही त्यांच्याकडे आली.

येथे ‘व्यावसायिक’ या शब्दाचा तत्कालीन अर्थ लक्षात घेणे आवश्यक आहे. त्या काळी व्यावसायिक गोल्फपटू हा क्लबचा पगारी नोकर असे. स्पर्धेतील बक्षीस ही वरकड मिळकत. उपजीविका चाले ती काठ्या बनविणे, मैदानाची देखभाल करणे आणि सभासदांना शिकविणे यांवर. क्लबच्या सभासदांना, म्हणजेच ‘हौशी’ खेळाडूंना, रोख बक्षीस घेण्यास मनाई होती. हौशी व व्यावसायिक हा भेद मुळात मालक व नोकर असा सामाजिक भेद होता.

१८९६ ची स्पर्धा

अमेरिकेतील गोल्फची नियामक संघटना डिसेंबर १८९४ मध्ये स्थापन झाली. पहिली खुली स्पर्धा १८९५ मध्ये न्यूपोर्ट येथे झाली आणि दुसरी १८ जुलै १८९६ रोजी शिनेकॉक हिल्स येथे. एकाच दिवसात ३६ होलचा खेळ होता. मैदानाची लांबी ४,४२३ यार्ड, म्हणजे नंतरच्या मैदानांच्या तुलनेत बरीच कमी होती. शिपेन यांचे वय १६ होते. त्यांच्यासह शिनेकॉक जमातीचे ऑस्कर बन यांनीही स्पर्धेसाठी नाव नोंदविले होते.

इंग्लंड व स्कॉटलंडहून आलेल्या व्यावसायिकांनी या दोघांच्या सहभागास हरकत घेतली आणि खेळातून माघार घेण्याची धमकी दिली, असे सांगितले जाते. संघटनेचे अध्यक्ष थिओडोर हॅवमेयर हे साखर उद्योगातील बडे प्रस्थ होते. मैदानात हे दोघेच उरले तरी स्पर्धा होईल, अशा आशयाचे उत्तर त्यांनी दिल्याचे या प्रसंगाच्या कथनांत आढळते. अखेर विरोध मावळला व सर्वजण खेळले.

या प्रसंगाचे महत्त्व त्याच्या काळावरून ध्यानात येते. बरोबर दोन महिने आधी, १८ मे १८९६ रोजी, अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने प्लेसी विरुद्ध फर्ग्युसन खटल्यात ‘वेगळे परंतु समान’ या तत्त्वास मान्यता देऊन वर्णविभाजनावर कायद्याची मोहोर उमटविली होती.

पहिल्या फेरीत शिपेन यांचे जोडीदार होते चार्ल्स ब्लेअर मॅक्डोनाल्ड, १८९५ च्या पहिल्या राष्ट्रीय हौशी स्पर्धेचे विजेते. शिपेन यांनी ७८ फटक्यांत फेरी पूर्ण केली. मॅक्डोनाल्ड यांना ८३ लागले आणि त्यांनी स्पर्धा सोडली. पहिल्या फेरीअखेर शिपेन आघाडीच्या खेळाडूंत होते. पुढे विजेते ठरलेले जेम्स फॉलिस यांचेही पहिल्या फेरीत ७८ च फटके होते. दुसऱ्या फेरीत १३ व्या होलवर शिपेन यांचा चेंडू वाळूच्या रस्त्यावर गेला. तेथून तो बाहेर काढताना फटके वाढत गेले आणि त्या एका होलवर त्यांचे ११ फटके झाले. ८१ च्या फेरीसह त्यांची एकूण संख्या १५९ झाली. फॉलिस १५२ फटक्यांसह विजयी झाले. अंतर सात फटक्यांचे; त्यातील बहुतांश त्या रस्त्यावर गमावलेले.

शिपेन यांचा क्रमांक काही लेखनांत पाचवा तर काही ठिकाणी सहावा दिला जातो. ही विसंगती वरील हौशी-व्यावसायिक भेदातून उलगडते. सर्व खेळाडू मोजल्यास १५९ ही संख्या संयुक्त सहाव्या क्रमांकाची ठरते. परंतु त्यांच्या पुढे असलेल्यांत एक हौशी खेळाडू होता आणि त्यांच्या बरोबरीचे एच. जे. व्हिगम हेही हौशीच होते. त्यामुळे बक्षीसपात्र व्यावसायिकांत शिपेन पाचवे ठरले आणि पाचव्या क्रमांकाचे १० डॉलर त्यांना मिळाले. पहिले बक्षीस १५० डॉलरचे होते.

ओळखीचा प्रश्न

हॅवमेयर यांच्या उत्तराचे आणखी एक रूप प्रचलित आहे. त्यानुसार शिपेन हे पूर्णतः कृष्णवर्णीय नसून अंशतः मूलनिवासी आहेत, असे सांगून विरोधकांची समजूत घालण्यात आली. शिनेकॉक वस्तीतील वास्तव्य आणि पुढे तेथीलच स्त्रीशी झालेला विवाह यांमुळे हा समज दीर्घकाळ टिकला. वस्तुतः त्यांचे आई व वडील दोघेही कृष्णवर्णीय होते आणि त्यांच्या मुलीने हे आग्रहाने मांडले. हे दुसरे रूप ग्राह्य धरले तर पहिल्या रूपातील तत्त्वनिष्ठ निर्णयाची प्रतिमा डळमळते. खेळाडूला प्रवेश मिळाला, पण त्याची ओळख सोयीनुसार बदलून. इतिहासकाराने या दोन्ही रूपांची नोंद एकत्र ठेवणे म्हणूनच आवश्यक ठरते.

पुढील स्पर्धा व उपजीविका

यानंतर शिपेन १८९९, १९००, १९०२ व १९१३ या वर्षी खुल्या स्पर्धेत खेळले. १९०२ मध्ये गार्डन सिटी येथे ते संयुक्त पाचवे आले. तोवर स्पर्धा ७२ होलची झाली होती, म्हणजे १८९६ चे यश एका दिवसाचा योगायोग नव्हता. मेडस्टोन, अॅरोनिमिंक अशा क्लबांत त्यांनी व्यावसायिक म्हणून काम केले. स्पर्धेतील सहभाग अधूनमधून का राहिला याचे एक कारण या नोकरीच्या स्वरूपात शोधता येते. क्लबचा नोकर स्पर्धेला जाई तो क्लबच्या सवडीने व मर्जीने.

१९१६ मध्ये व्यावसायिक गोल्फपटूंची संघटना, पीजीए, स्थापन झाली आणि स्पर्धांची सूत्रे हळूहळू तिच्याकडे गेली. या संघटनेने १९३४ मध्ये सदस्यत्व केवळ श्वेतवर्णीयांपुरते मर्यादित करणारे कलम आपल्या घटनेत घातले. ते १९६१ मध्ये रद्द झाले. दरम्यान कृष्णवर्णीय खेळाडूंनी स्वतःच्या स्पर्धा व संस्था उभारल्या. न्यू जर्सीतील स्कॉच प्लेन्स येथील शेडी रेस्ट हा कृष्णवर्णीयांनी चालविलेला क्लब त्यांपैकी महत्त्वाचा. १९२५ मध्ये तेथे झालेल्या स्पर्धेत हॅरी जॅक्सन विजयी झाले आणि पंचेचाळिशीतील शिपेन उपविजेते ठरले. १९३० च्या दशकाच्या आरंभापासून त्यांनी याच क्लबमध्ये व्यावसायिक व मैदानरक्षक म्हणून तीन दशके काम केले. मे १९६८ मध्ये त्यांचे निधन झाले. पीजीएने त्यांना मरणोत्तर सदस्यत्व दिले ते २००९ मध्ये.

मूल्यमापन

शिपेन यांच्या कारकिर्दीचा कालक्रम प्रगतीच्या सरळ रेषेत बसत नाही. १८९६ मध्ये १६ वर्षांचा कृष्णवर्णीय मुलगा राष्ट्रीय स्पर्धेत खेळू शकला; १९३४ मध्ये त्याच खेळाच्या व्यावसायिक संघटनेचे दार त्याच्या वर्णाच्या कोणालाही बंद झाले. १९१३ नंतर यू. एस. ओपनमध्ये खेळलेले पहिले कृष्णवर्णीय खेळाडू म्हणून टेड ऱ्होड्स यांचा उल्लेख होतो, तो १९४८ चा. मधली ३५ वर्षे रिकामी आहेत.

या उलट्या प्रवासाचे कारण १८९६ च्या प्रवेशाच्या स्वरूपातच आहे. तो प्रवेश एका प्रभावी व्यक्तीच्या निर्णयावर अवलंबून होता. त्याला नियमाचा आधार नव्हता आणि त्यातून पुढे नियमही निर्माण झाला नाही. शिवाय व्यावसायिक हा नोकरच असल्याने सभासदांच्या सामाजिक स्थानाला त्याच्या सहभागाने धक्का लागत नव्हता. पुढे व्यावसायिक खेळाला प्रतिष्ठा व पैसा प्राप्त होऊ लागला, तेव्हा बहिष्कार मात्र लेखी नियमाच्या रूपाने आला. औदार्य तोंडी राहिले, बहिष्कार घटनेत नोंदला गेला.

समारोप

शिपेन यांना अजिंक्यपद मिळाले नाही. ‘१३ व्या होलवरील ११ फटके’ ही त्यांच्याविषयी सर्वाधिक सांगितली जाणारी गोष्ट आहे आणि ती खरीही आहे. परंतु त्या सात फटक्यांचीच चर्चा करीत राहिल्यास एका गुणी खेळाडूचे दुर्दैव एवढाच अर्थ हाती लागतो. त्यांच्या कारकिर्दीवर अधिक खोल परिणाम घडविला तो मैदानाबाहेरील व्यवस्थेने. मरणोत्तर सदस्यत्वाने नोंद दुरुस्त झाली; हातचे गेलेले स्पर्धांचे हंगाम परत आले नाहीत. एखाद्या संस्थेने कोणास एकदा प्रवेश दिला एवढ्यावरून ती खुली ठरत नाही. तो प्रवेश हक्क म्हणून टिकला काय, हे पाहावे लागते, आणि शिपेन यांच्या बाबतीत तो टिकला नाही.