पेटी, वढकी आणि आम्ही

मराठीत ‘पेटी’ हा शब्द फार ओझे वाहतो. मैफलीत तो हार्मोनियम होतो, बाजारात आंब्यांचे माप होतो, निवडणुकीत मते गिळतो आणि काळ्या व्यवहारांच्या बोलीत एक लाख रुपये होतो. फणीकरंड्याची पेटी मात्र आता तळटीप मागू लागली आहे. वर्गात तो शब्द आला की फळ्यावर चित्र काढावे लागते. पेटीवर एवढे बोलणाऱ्या भाषेने ती बनते कशी, हे क्वचितच विचारले. आम्हीही विचारले नव्हते. गेल्या एप्रिलमध्ये डोंबिवलीच्या गॅलरीत पॅकिंगच्या खोक्याच्या फळ्या मोडून लेखण्यांसाठी एक लहान पेटी करायला बसलो, तेव्हा हा प्रश्न हातात आला.

हातात आल्यावर कळले की आपण राहतो ती भूमी लाकडाच्या इतिहासात अगदीच अनोळखी नाही. सहाव्या शतकात अलेक्झांड्रियाच्या कॉस्मस इंडिकोप्लेउस्तेसने ‘कल्लियाना’ बंदराच्या निर्यातीत तांबे, ‘सेसमी’ लाकूड आणि कापड नोंदवले. हे बंदर म्हणजे आपले कल्याण, आणि हे लाकूड शिसवाच्या कुळातले, असे अभ्यासक सामान्यतः मानतात. नोंद व्यापाऱ्याच्या नजरेची आहे: ओंडका गलबतात चढला, हिशेब मिटला. तो कापणारे, रंधणारे हात त्या यादीत नाहीत.

असा हात एका ठिकाणी मात्र नावानिशी सापडतो. बोरघाट चढून गेल्यावर कार्ल्याच्या चैत्यगृहावर सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीचा एक लेख आहे. वेणुवासाचा पुत्र, धेनुकाकटचा वढकी सामी याने तिथले द्वार केले, असे तो सांगतो. लेण्यातील लाकडी कमानी आजही छताला आहेत. वढकी म्हणजे संस्कृतातला वर्धकी; विदर्भात सुताराला अजून वाढई म्हणतात. ‘सुतार’ हा शब्द तर सूत्रधाराचाच भाऊ. नाट्यशास्त्र शिकवताना आपण रंगमंचावरच्या सूत्रधारावर तास घालवतो. लाकडावर दोरी धरून रेघ मारणारा त्याचा भाऊ तासातून निसटतो.

हे निसटणे केवळ विस्मरण नव्हे. त्रिं. ना. आत्र्यांच्या ‘गाव-गाड्या’त (१९१५) दिसणाऱ्या व्यवस्थेत सुतार हा पहिल्या ओळीचा बलुतेदार. त्याच्यावाचून नांगर, पाभर, गाडी चालत नसे. पण त्याचे ज्ञान बापाकडून मुलाकडे जाई आणि पोथीवाल्याच्या घरात कधीच शिरत नसे. पोथीवाल्याला पेटी लागे, ती करण्याची विद्या लागत नसे. आमच्या घरी चार पिढ्या पुस्तके आहेत, रंधा एकही नव्हता. हा योगायोग मानण्याची आमची तयारी नाही.

शहरी कारागिरीचे टोक पाहायचे तर एकोणिसाव्या शतकातील ‘मुंबई पेट्या’ पाहाव्यात. मुंबईत दीर्घ काळ काढलेल्या जॉर्ज बर्डवुडने १८८० च्या आपल्या ग्रंथात या कामाची परंपरा शिराझहून सिंधमार्गे आल्याचे सांगितले आहे. सुरतेत तिला सादेली म्हणतात. कृती ऐकली की आमच्यासारख्या नवशिक्याने हात जोडावेत. चंदन, आबनूस, पतंग, हस्तिदंत, सांबरशिंग यांच्या बारीक लांब कांड्या घ्यायच्या, कथिलाच्या तारांसह सरसाने अशा जुडीत बांधायच्या की जुडीच्या टोकाला चांदणी किंवा षट्कोन उमटेल. मग ती जुडी आडवी, कागदासारख्या पातळ चकत्यांत कापायची आणि त्या चकत्या पेटीच्या अंगावर चिकटवायच्या. म्हणजे नक्षी पेटीवर काढली जात नाही. ती जुडीच्या पोटात आधीच असते, करवत ती फक्त उघड करते. १८५१ च्या लंडनच्या महाप्रदर्शनात या पेट्या मांडल्या गेल्या. पुढे हस्तिदंताच्या व्यापारावर बंदी आली. सुरतेत मोजक्या घरांत हे काम उरले, हस्तिदंताच्या जागी प्लास्टिक आले.

आमच्या पेटीला नक्षी नव्हती, तरी तिने पुरेसे शिकवले. समोरासमोरच्या बाजू केसभर कमीजास्त झाल्या की चौकट गुण्यात बसत नाही. दोन्ही कर्ण मोजून सारखे आल्याशिवाय सरस लावू नये. फळीचे आडवे छेदलेले टोक सरस पिऊन टाकते, म्हणून टोकाला टोक नुसते चिकटवून कोपरा टिकत नाही. खाच आणि कुसू यांची गाठ घालावी लागते. आम्ही ती घातली नव्हती. शिवाय तळ चारी बाजूंनी चिकटवून टाकला. जुलैमध्ये डोंबिवलीच्या दमट हवेत तळाची फळी रुंदीत फुगली, कारण लाकूड लांबीत जवळजवळ वाढत नाही, वाढते ते रेषांच्या आडवे. आणि एके सकाळी कोपरा उघडलेला दिसला. तळ खाचेत मोकळा ठेवायचा असतो, हे कुठल्याही सुताराच्या दहा वर्षांच्या मुलाला ठाऊक असावे.

हे सर्वांच्या मुलांना ठाऊक व्हावे, असा प्रयत्न झाला होता. फिनलंडमध्ये उनो सिग्नेउस आणि स्वीडनमध्ये ओटो सालोमोन यांनी एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात हस्तकाम शाळेत आणले: आधी साधी काडी तासायची, मग पायरीपायरीने अवघड वस्तू. १९३७ मध्ये वर्ध्याच्या परिषदेतून नई तालीम पुढे आली. झाकीर हुसेन समितीने सुचवलेल्या मूलोद्योगांत कताई-विणकामाबरोबर सुतारकाम होते. गांधींचा आग्रह हस्तकाम हा एक विषय असावा असा नव्हता, सारे विषय त्यातून शिकवावेत असा होता. पेटीच्या कर्णात भूमिती आहे, फुगलेल्या तळात पदार्थविज्ञान आहे. पण कोठारी आयोगाने (१९६४–६६) सुचवलेला ‘कार्यानुभव’ आमच्या पिढीच्या वाट्याला आला तो आठवड्याच्या एका तासापुरता. त्या तासाला आम्ही आगपेटीच्या काड्यांची घरे केली, बहुधा घरून कुणी करून दिलेली, आणि गुण मिळवले.

उघडलेला कोपरा घेऊन आम्ही कल्याणच्या एका वखारीजवळच्या सुतारकाकांकडे गेलो. त्यांनी पेटी फिरवून पाहिली, पटाशीने तळ सोडवला, चारी बाजूंना आतून खाच काढली आणि फळी तिच्यात सरकवून हलवून दाखवली. “आता हिला श्वास घेता येईल,” ते म्हणाले. कोपरा मात्र त्यांनी जोडला नाही. पटाशी आमच्या हातात दिली आणि पुढचे फळकूट पुढे केले.